दुःखाची गोष्ट शोकांतिका कधी होते?

१९१९ साली रंगमंचावर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकात दोन माणसं आपल्या डोळ्यांदेखत संपतात: सिंधू आणि सुधाकर. बालगंधर्व सिंधू करायचे तेव्हापासून प्रेक्षक रडत आले ते सिंधूसाठी. तरीही या नाटकाला शोकांतिका म्हणायचं ते सुधाकरमुळे. हा फरक नीट कळला की बाकीचा विषय बराच सोपा होतो.

सिंधू हालअपेष्टा काढते, मूल सांभाळते, मार खाते आणि शेवटी पोलिसांसमोर ‘मीच पडले’ असं सांगून नवऱ्याला वाचवू पाहते. तिच्यावर कोसळलेली एकही आपत्ती तिने ओढवून घेतलेली नाही. सुधाकरचं तसं नाही. तो हुशार, स्वाभिमानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि ते त्याच्या जिव्हारी लागतं. तळीराम पुढे करतो तो पहिला प्याला मात्र सुधाकर स्वतःच्या हाताने उचलतो. तिथून पुढचं सगळं, मुलाचा जीव जाणं, सिंधूचं मरण, त्याचा स्वतःचा विषाचा शेवटचा प्याला, त्या एका कृतीला धाग्याने बांधलेलं आहे. सिंधूच्या वाट्याला दुःख येतं. सुधाकरच्या हातून शोकांतिका घडते.

दुःखाला फार काही लागत नाही. काहीतरी प्रिय होतं आणि ते गेलं, एवढं पुरे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाची कारणं दिली आहेत ती पाहा: शाप, क्लेश, प्रियजनांचा वियोग, संपत्तीचा नाश, वध, बंधन, परागंदा होणं, अपघात. यात ‘कोणाची चूक’ हा प्रश्नच नाही. करुणाचा स्थायी भाव (त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना) शोक, रंग पारव्यासारखा करडा, देवता यम. तोंड कोरडं पडणं, अंग गळून जाणं, सुस्कारे, आठवण न राहणं ही शोकाची लक्षणंही भरताने नोंदली आहेत, आणि नाशिकच्या रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या कुठल्याही कुटुंबाकडे पाहिलं तर ती आजही जशीच्या तशी दिसतात. भरताने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. विरहातल्या दुःखात परत भेटीची आशा असते, म्हणून ते ‘सापेक्ष’. करुणात ती आशा संपलेली असते, म्हणून तो ‘निरपेक्ष’. मुलगा परदेशी गेला म्हणून आई रडते आणि मुलगा गेला म्हणून आई रडते, ही रडणी वेगळी आहेत, हे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इतकं नेमकं पाहून ठेवलं होतं.

आता शोकांतिका. तिचा सर्वांत जुना हिशेब इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने मांडला. शोकांतिका कशी घडते हे सांगण्याआधी कोणत्या घसरणीतून ती घडत नाही, हे त्याने सांगितलं. अत्यंत सज्जन माणूस काही कारण नसताना धुळीला मिळाला तर ती शोकांतिका नाही. ते पाहून फक्त किळस येते, मन बंड करून उठतं. दुष्ट माणूस खड्ड्यात गेला तर बरं वाटतं, पण तीही शोकांतिका नाही. मधला माणूस लागतो. फार थोर नाही, नीच तर नाहीच. आपल्यातलाच, किंवा आपल्यापेक्षा थोडा बरा. तो पडतो ते दुष्टपणामुळे नाही, एका मोठ्या चुकीमुळे. त्याची शिक्षा चुकीच्या मानाने फार मोठी असते म्हणून त्याची कणव येते, आणि तो आपल्यासारखा असतो म्हणून भीती वाटते. कणव आणि भीती, दोन्ही एकाच वेळी. दुःखाच्या गोष्टीत कणव असते. भीती बहुधा नसते.

पदवीच्या गाइडांमध्ये या चुकीला सरसकट ‘स्वभावदोष’ म्हटलेलं असतं. त्याने फार गोंधळ होतो. मग विद्यार्थी नायकाचा अहंकार, संताप, संशय शोधत बसतात आणि नायक जणू वाईट होता म्हणून मेला असा निष्कर्ष काढतात. ॲरिस्टॉटलचा भर कृतीवर आहे: अपुऱ्या माहितीवर केलेली, त्या क्षणी पूर्ण समजूतदार वाटणारी कृती. स्वभाव त्या कृतीला ढकलतो एवढंच.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण आपल्याकडे दशरथ. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात तो प्रसंग आहे. पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ, तरुण दशरथ शिकारीला गेलेला. नुसत्या आवाजावरून नेम धरता येतो, याचा त्याला अभिमान. अंधारात घागर भरल्याचा बुडबुडणारा आवाज येतो. त्याला वाटतं हत्ती पाणी पितोय. बाण सुटतो आणि माणसाची आरोळी ऐकू येते. तो मुलगा म्हणजे आपण ज्याला श्रावणबाळ म्हणतो तो (वाल्मीकी त्याला नाव देत नाहीत). आंधळे आईबाप पुत्रशोकाने प्राण सोडतात, आणि त्याआधी बाप शाप देतो: तूही असाच पुत्रशोकाने मरशील.

श्रावणाच्या आईबापांचं दुःख अपार आहे, पण ते सिंधूच्या जातीचं आहे. त्यांनी काही केलेलं नाही. दशरथाचं तसं नाही. युद्धात प्राण वाचवल्याबद्दल कृतज्ञतेने त्याने कैकेयीला दोन वर दिले. कृतज्ञ असणं हा गुण, दिलेला शब्द पाळणं हा आणखी मोठा गुण, आणि याच दोन गुणांनी रामाला वनात धाडलं. राम गेल्यावर तो कौसल्येच्या महालात पडून असतो. मध्यरात्री त्याला ती शरयूकाठची रात्र आठवते. इतकी वर्षं जे सुटं सुटं होतं ते एका क्षणात जुळतं. तो कौसल्येला सांगतो, पळसाची फुलं पाहून भुललेला माणूस आंब्याची राई तोडून पळसाला पाणी घालतो आणि फळाच्या वेळी रडतो, तसं माझं झालं. त्याच रात्री तो जातो. त्याचं श्राद्ध रामाने गोदावरीकाठी केलं, अशी रामकुंडाची श्रद्धा आहे.

शोकांतिकेचे सगळे भाग इथे दिसतात. कृती. तिच्यामागचा अर्धवट अंदाज. चांगल्या हेतूने उचललेल्या पावलाचा नेमका उलटा परिणाम. आणि सर्वांत शेवटी, सगळं हातचं गेल्यावर, ‘हे माझ्यामुळे झालं’ ही ओळख. हे शेवटचे दोन भाग, म्हणजे उलटणं आणि ओळखणं, एकाच क्षणी आले तर घाव सर्वांत खोल बसतो. सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’ या ग्रीक नाटकात कोरिंथहून निरोप्या येतो तो ईडिपसची भीती घालवायला. तो म्हणतो, आईशी लग्न होईल म्हणून घाबरू नका, कारण कोरिंथची राणी तुमची आई नाहीच. ईडिपसने नकळत बापाला मारलं आणि आईशीच लग्न केलं, हे सगळं धीर द्यायला आलेलं हे वाक्यच उघडं पाडतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. शेवट वाईट म्हणजे शोकांतिका, असं नाही. इसवी सनपूर्व ४५८ साली सादर झालेली एस्किलसची ओरेस्टियन नाटकं शेवटी समेटावर येऊन थांबतात. ग्रीकांनी त्यांना शोकांतिकाच म्हटलं. उलट बाजूने, भवभूतीचं उत्तररामचरित करुणाने इतकं ओथंबलेलं आहे की त्यातच ‘एको रसः करुण एव’ हे वाक्य येतं, पण शेवटी राम आणि सीता भेटतात, मोडलेलं जुळतं. रडू किती आलं, हे शोकांतिकेचं माप होऊ शकत नाही.

मग योगायोगाचं काय? द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न लगेच भिडेल. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, घड भरले, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर उतरायला लागली आणि फेब्रुवारीत काढणीच्या तोंडावर गारपीट झाली. मणी तडकले, बाग बसली. हे भयंकर नुकसान आहे, याने घरं उद्ध्वस्त होतात. पण शोकांतिका नाही. गारपिटीला हेतू नसतो आणि बागायतदाराने काही चुकीचं केलेलं नसतं.

हीच गारपीट ठेवून गोष्ट थोडी बदलू. दिंडोरी तालुक्यातलं एकत्र कुटुंब. सोसायटीचं कर्ज थकलेलं, नोटीस आलेली. थोरला भाऊ ती नोटीस पेटीत तळाशी ठेवतो, कारण धाकट्याच्या मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलंय आणि त्याला घोर लागू नये. धाकट्याला वाटतं, घरचं सगळं ठीक आहे. पुढे लग्नाच्या तोंडावर व्यापारी बांधावर येऊन बरा भाव देतो. धाकटा नाही म्हणतो. आणखी दहा दिवस थांबलो तर निर्यातीचा भाव मिळेल, आणि त्या पैशांत दादाला हवा असलेला ट्रॅक्टर घेता येईल. संध्याकाळी तो ओट्यावर बसून हौसेने सांगतो, ‘दादा, व्यापाऱ्याला माघारी धाडलं. आपल्याला कुठं घाई आहे?’

शोकांतिका या वाक्यात घडली. गारा अजून पडायच्या आहेत. लपवणारा प्रेमाने लपवतो, थांबणारा प्रेमाने थांबतो, आणि दोन प्रेमांची बेरीज घर बुडवते. थोरला त्या क्षणी बोलू शकला असता. पण दुसऱ्या दिवशी हळद आहे, म्हणून तो गप्प राहतो. पुढे पडणारी गारपीट केवळ निमित्त. गारांच्या जागी भाव पडला असता, कंटेनर अडकला असता, तरी गोष्ट तीच राहिली असती. ही कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे: निमित्त बदलून पाहा. निमित्त बदलल्यावर गोष्ट कोसळत असेल तर ती अपघाताची गोष्ट. तशीच उभी राहत असेल तर शोकांतिका.

ॲरिस्टॉटलनेही योगायोग पूर्ण टाकून दिलेला नाही. आर्गोसमध्ये मित्यस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मित्यसच्या खुन्यावरच तो कोसळला आणि खुनी मेला, असं उदाहरण तो देतो. असा योगायोग चालतो, कारण त्यात काही संगती असल्याचा भास होतो.

नाशिककरांना या विषयाचं वेगळं अगत्य असायला हवं. वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरचे मॅक्बेथ आणि ऑथेल्लो मराठीत आणले आणि १९७० साली ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. गणपतराव बेलवलकरांना मुलांनी वाईट वागवलं म्हणून ते नाटक मोठं झालेलं नाही. म्हाताऱ्या आईबापांना मुलं वाईट वागवतात, अशी नाटकं पुष्कळ आहेत. ती पाहून वाईट वाटतं आणि घरी जाईपर्यंत विसरायला होतं. बेलवलकर निराळे ठरतात, कारण निवृत्तीच्या आनंदात, उदारपणाच्या भरात, सगळं वाटून टाकायचा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे. रंगमंचावर जो भव्यपणा त्यांना नटसम्राट करतो, तोच घरात आवरता येत नाही. मुलगा आणि सून पूर्ण खलनायक नाहीत, मुलगीही नाही. चोरीचा आळ येतो त्या प्रसंगात मुलीची अडचण आपल्याला कळते, तिचा रागही येतो. हे अवघडलेपण नाटककाराने मुद्दाम ठेवलेलं आहे.

हेगेलने म्हटलं होतं की खऱ्या शोकांतिकेत दोन्ही बाजूंना काही न्याय असतो. सोफोक्लिसच्याच ‘अँटिगनी’ नाटकात अँटिगनीला भावाचं प्रेत पुरायचं आहे, क्रेऑनला राज्याचा कायदा राखायचा आहे. नाशिकच्याच वसंत कानेटकरांच्या १९६२ सालच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मध्ये बाप आणि राजा एकाच माणसात समोरासमोर उभे राहतात, तो याच जातीचा पेच.

हौशी रंगभूमीवर या बाबतीत काय चुकतं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण राज्य नाट्य स्पर्धेच्या हंगामात नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात आणि कालिदास कलामंदिरात बसणाऱ्या प्रेक्षकाला ते वारंवार सोसावं लागतं. पहिली चूक दुःखांची थप्पी. बापाला कॅन्सर, मुलाचा अपघात, आईला विस्मरण, वर घरावर जप्ती. लेखकाला वाटतं एकावर एक रचत गेलो की शोकांतिका तयार होईल. होत नाही, तिसऱ्या आपत्तीनंतर प्रेक्षक बधिर होतो. उपाय सोपा पण जिवावर येणारा आहे. तीन आपत्ती काढून टाका आणि उरलेली एक नायकाच्या हातून घडवा.

दुसरी चूक म्हणजे नायक फार चांगला करणं. तो कधीच चुकत नाही, फक्त सोसतो. सोसणारं पात्र करुण होतं, पण त्याच्या खांद्यावर दोन अंक उभे राहत नाहीत, कारण त्याला करायला काही नसतं. त्याने पहिल्या अंकातच, प्रेक्षकाला पटेल अशा कारणाने, मागे न घेता येणारं एक पाऊल उचलायला हवं. पटेल हे महत्त्वाचं. प्रेक्षक मनात म्हणाला पाहिजे, मीही हेच केलं असतं.

ओळखीचा क्षण तर बहुतेक संहितांत गायबच असतो. नायक मरतो, पण काय झालं हे त्याला कळतच नाही; त्याचा मित्र किंवा निवेदक ते आपल्याला समजावतो. हे उलटं झालं. मरण गाळलं तरी चालेल, ओळख गाळून चालणार नाही. तालमीत दिग्दर्शकाने नटाला एवढंच विचारावं: नेमक्या कोणत्या वाक्याला तुला कळलं? नटाला वाक्य दाखवता आलं नाही तर दोष नटाचा नाही, संहितेत ते वाक्यच नाही. आणि ते सापडलं की त्याखालचं संगीत काढून टाकावं. व्हायोलिन वाजायला लागलं की प्रेक्षक विचार सोडून रडायला लागतो आणि लेखकाने जुळवलेला धागा तिथेच सुटतो.

वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर मात्र प्रत्येक मोठ्या अपघाताला शोकांतिका म्हणायची सवय लागली आहे. त्याचा तोटा साहित्यापुरता नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. स्नानाला निघालेल्या त्या माणसांनी काही चूक केली नव्हती. त्यांच्या घरच्यांसाठी तो निखळ शोक आहे. शहरासाठी ती दुर्घटना आहे: गल्ली किती रुंद, उताराला गर्दीचा दाब किती, जायचा आणि यायचा रस्ता वेगळा होता का, अडथळे कुठे लावले होते. या प्रश्नांना उत्तरं असतात आणि त्यांवर उपायही असतात. शोकांतिका म्हटलं की त्यात नियतीचा वास येतो आणि चौकशीची धार बोथट होते. म्हणून अशा बातमीत ‘दुर्घटना’ हाच प्रामाणिक शब्द.

राहिला घरातला शोक. इथे हा फरक खरोखर उपयोगी पडतो. माणूस गेल्यावर जवळच्यांचं मन आपोआप शोकांतिका रचायला लागतं. ‘मी आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर’, ‘मी फोन उचलला असता तर’, ‘मी भांडलो नसतो तर’. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घाटावर जमलेलं सगळं कुटुंब काय राहून गेलं ते शोधायला लागतं. कोणी म्हणतं पोरांचं शिक्षण मी बघेन, कोणी म्हणतं बहिणीला माहेर तुटू देणार नाही. त्या प्रथेत एक शहाणपण आहे: अपराधी भावनेला ती पुढे करायच्या कामात वळवते. पण काही जण ती भावना घरी घेऊन जातात आणि महिनोन्महिने त्याच एका ‘तर’पाशी बसून राहतात.

त्यांच्यापाशी बसून दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. ती कृती तुमची होती का? आणि मृत्यू तिच्यामुळेच झाला का? फोन न उचलणं ही कृती तुमची. पण हृदयविकाराचा झटका फोनने आला नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असतं. म्हणजे तुमच्या वाट्याला आलेलं दुःख आहे. चूक तुम्ही त्याला बाहेरून जोडली आहे, कारण कारण नसलेलं मरण सोसणं जास्त अवघड असतं. हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेला शोक ही वेगळी अवस्था म्हणून नोंदली आहे. त्यासाठी किमान ६ महिन्यांचा काळ धरला आहे आणि तो शोक त्या समाजाच्या रीतीच्या मानाने जास्त असावा, अशीही अट आहे. सहा महिन्यांनंतरही जेवण, झोप, काम रुळावर येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

क्वचित दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ येतं. अंगणात ट्रॅक्टर मागे घेताना स्वतःचंच लेकरू चाकाखाली आलेला बाप. ही खरी शोकांतिका, नाटकाबाहेरची. अशा माणसाला ‘तुझी काही चूक नाही’ असं म्हणू नये. त्याला माहीत आहे हात कोणाचा होता. तुम्ही नाही म्हणालात तर तो तुमच्याशी बोलणं बंद करेल. ‘तुझ्या हातून झालं, आणि तुला ते करायचं नव्हतं’, ही दोन्ही वाक्यं एकत्र म्हणावी लागतात, एक गाळून चालत नाही. त्याला तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू द्यावा, दहाव्यांदा सांगितला तरी. पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नये, शेतातली औषधं कुलपात ठेवावीत, आणि मरणाची भाषा आली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन लावावा. तिथे मराठीतून बोलता येतं.